पाचगणीचा फारोख

वार्षिक अंकासाठी चरित्रलेख लिहायचा ठरला की आमच्या महाविद्यालयात दोन-तीन नावे हमखास पुढे येतात. मुळशी तालुका म्हटल्यावर सेनापती बापट आलेच, आणि ते यावेतच. १९२१ सालचा धरणाविरुद्धचा सत्याग्रह याच खोऱ्यात झाला. यंदा मात्र मी ज्याच्याविषयी लिहिणार आहे, त्याचे नाव मराठी अंकात पाहून काही वाचकांच्या कपाळाला आठ्या पडतील. तो इंग्लंडमधला रॉक गायक होता. अंगाला घट्ट बसणारे चकचकीत कपडे घालून, माइकचा अर्धा दांडा हातात नाचवत हजारोंच्या समुदायापुढे गाणारा. त्याचे नाव फ्रेडी मर्क्युरी. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी तो लंडनमध्ये वारला, तेव्हा आज या महाविद्यालयात शिकणाऱ्यांपैकी कोणी जन्मालाही आले नव्हते.

या माणसाचा आपल्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो सुमारे आठ वर्षांचा आहे. त्याचा पहिला बँड लंडनमध्ये निघाला नाही. तो आपल्याच सह्याद्रीच्या माथ्यावर, पाचगणीच्या एका शाळेत, १९५८ साली निघाला. मला सांगायचे आहे ते मुख्यतः त्या बँडविषयी आणि त्यातल्या पियानो वाजवणाऱ्या मुलाविषयी. त्याचा मी एकेरी उल्लेख करतो आहे आणि पुढेही करणार आहे. ज्याची शाळकरी वर्षे सांगायची, त्याला अहो-जाहो करणे माझ्याच्याने होत नाही.

त्याचे खरे नाव फारोख बलसारा. आडनावावरूनच गाव कळते. गुजरातेतले बलसार, म्हणजे आजचे वलसाड, हे या पारशी घराण्याचे मूळ. फारोखचा जन्म मात्र ५ सप्टेंबर १९४६ रोजी आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या झांझिबार बेटावर झाला. लवंगांसाठी प्रसिद्ध असलेले हे बेट तेव्हा सुलतानाचे होते आणि सुलतानावर इंग्रजांचे संरक्षण, म्हणजेच हुकमत होती. वडील बोमी बलसारा तिथल्या उच्च न्यायालयात रोखपाल होते. आई जेर. सरकारी नोकरीतले, नीटनेटके, देवधर्म पाळणारे कुटुंब. पुढे १९५२ साली धाकटी बहीण कश्मीरा जन्माला आली. झांझिबारमध्ये मुलाच्या शिक्षणाची मनासारखी सोय होईना, म्हणून त्याला आठव्या वर्षी, १९५५ च्या सुमारास, भारतात पाठवायचे ठरले.

आठ वर्षांचे मूल म्हणजे तिसरीतले मूल. त्याने आगबोटीने अरबी समुद्र ओलांडायचा, मुंबईला उतरायचे, तिथून आगगाडीने पुणे, आणि पुण्याहून मोटारीने वाई ओलांडून पसरणीचा घाट चढायचा. आमच्या धरणापलीकडच्या गावांतली मुले आश्रमशाळेत किंवा पौडच्या, पुण्याच्या वसतिगृहात राहायला येतात तेव्हा पहिल्या आठवड्यात त्यांची तोंडे कशी होतात, ते मी पाहिले आहे. त्यांना निदान शनिवारी घरी जाता येते. फारोखच्या आईबापांचे घर समुद्रापार होते. सुट्टीत तो बहुधा मुंबईच्या नातेवाइकांकडे जाई. आईवडिलांची भेट क्वचितच होई.

पाचगणी हे गाव इंग्रजांनी वसवलेले. महाबळेश्वरच्या पावसात चार महिने राहणे कठीण, म्हणून जॉन चेसन नावाच्या साहेबाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पावसाची थोडी आडोशाची जागा शोधली, ती ही. पाच डोंगरांची म्हणून पाचगणी. सिल्व्हर ओकची झाडे, उतरत्या छपरांचे बंगले, कोरडी थंड हवा. हवेमुळे आधी क्षयाचे रोगी आले आणि मग शाळा आल्या. फारोख ज्या सेंट पीटर्स शाळेत गेला ती इंग्लंडमधल्या निवासी शाळांच्या धर्तीवर चालणारी, फक्त मुलांची शाळा. इंग्रजी बोलणे, इंग्रजी खेळ, प्रार्थनेला चर्च. स्वातंत्र्य मिळून आठ वर्षे झाली होती, पण त्या आवारात ते फारसे जाणवत नसावे.

इथे मला एका गोष्टीची मौज वाटते. ज्या घाटातून हा मुलगा वर गेला त्याच्या पायथ्याचे पसरणी हे शाहीर साबळे यांचे गाव. त्याच वर्षांत संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन पेटले होते, शाहिरांची डफ-तुणतुणी गावोगाव घुमत होती. खाली वाईत प्राज्ञपाठशाळेत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचे ग्रंथकार्य चालू होते. आणि दहा-बारा किलोमीटर वर, त्याच डोंगरावर, एक पारशी मुलगा पाश्चात्य संगीताच्या पट्ट्या घटवत होता. एकाला दुसऱ्याची गंधवार्ता नव्हती. महाराष्ट्र म्हणजे काय, याचे चित्र काढताना आपण वाई आणि पसरणी काढतो, घाटाच्या वरचे काढत नाही. मला वाटते, तेही काढायला हवे.

शाळेत फारोखचा फ्रेडी झाला. मित्रांनी नाव पाडले, मास्तरांनी तेच उचलले, पुढे घरचेही तसेच हाक मारू लागले. दुसरे एक नाव मिळाले ते इतके प्रेमाचे नव्हते. त्याच्या तोंडात चार दात जास्त होते, त्यामुळे पुढचे दात बाहेर येत. मुले त्याला त्यावरून चिडवीत. ही चेष्टा त्याच्या मनात खोल गेली असली पाहिजे, कारण पुढे जगप्रसिद्ध झाल्यावरही हसताना तो ओठांनी किंवा हाताने दात झाकत असे. पैसा हाताशी आल्यावर ते काढून घेणे सहज शक्य होते. त्याने काढले नाहीत. तोंडाची घडण बदलली तर आवाज बदलेल अशी त्याला भीती होती.

खेळांत तो पुढे होता. टेबल टेनिसमध्ये शाळेचा विजेता, मुष्टियुद्धात चांगला. १९५८ साली त्याला कनिष्ठ गटातला अष्टपैलू विद्यार्थी म्हणून चषकही मिळाला. पण खरी गोष्ट घडली ती मुख्याध्यापकांच्या एका पत्राने. या मुलाला संगीताचे अंग आहे हे त्यांच्या ध्यानात आले आणि त्यांनी पालकांना कळवले की थोडी जादा फी भरलीत तर पियानोची नीट शिकवणी देता येईल. बोमी बलसारांनी फी भरली. रोखपालाच्या पगारात आधीच परदेशी वसतिगृहाचा खर्च चालला होता, त्यात ही भर. जगातल्या मोठ्या गवयांच्या चरित्रांत गुरूची कथा लांबण लावून येते, फी भरणाऱ्या बापाची येत नाही, म्हणून मुद्दाम लिहिले. फारोखने पियानोच्या लेखी आणि प्रत्यक्ष अशा परीक्षा चौथ्या श्रेणीपर्यंत दिल्या. शाळेच्या गायनवृंदातही तो गात असे.

आता तो बँड. त्याचे नाव ‘द हेक्टिक्स’. म्हणजे गडबडगुंडा, धावपळ असे काहीतरी. नाव मुलांना शोभेसे होते. मुले पाच. ब्रूस मरे हा मुख्य गायक आणि गिटारवाला. डेरिक ब्रांच दुसरा गिटारवाला. विक्टरी राणा, नेपाळच्या राणा घराण्यातला, ड्रम वाजवी. फरांग इराणी याच्याकडे खर्जाचे वाद्य होते, आणि ते वाद्य म्हणजे चहाचे रिकामे लाकडी खोके, त्यात उभी केलेली काठी आणि काठीपासून खोक्यापर्यंत ताणलेली एक दोरी. काठी मागे ओढली की दोरी ताणते, सूर चढतो. सैल सोडली की उतरतो. पाचवा फारोख, पियानोवर. सर्व बारा-तेरा वर्षांच्या आसपासचे.

गाणी कुठून आणायची? त्या काळी आकाशवाणीचे खाते बा. वि. केसकरांकडे होते आणि त्यांना हलकीफुलकी चित्रपटगीते मुळीच खपत नसत, हे आपल्या आजोबांच्या पिढीला चांगले ठाऊक आहे. त्यामुळे सारा देश रेडिओ सिलोन लावी. आपल्याकडे लोक बिनाका गीतमालेसाठी कान लावून बसत. पाचगणीच्या वसतिगृहातली मुले त्याच केंद्रावर पाश्चात्य गाणी ऐकत. एल्विस प्रेस्ले, लिटल रिचर्ड, फॅट्स डॉमिनो, क्लिफ रिचर्ड. यांतल्या क्लिफ रिचर्डचा जन्म लखनौचा आणि तो आठेक वर्षांचा होईपर्यंत भारतातच होता, ही आणखी एक गंमत. रेडिओवर गाणे एकदा वाजे. ध्वनिमुद्रण करून ठेवण्याची सोय नाही, स्वरलिपी हाताशी नाही. अशा वेळी फारोखचा उपयोग होई. एकदा ऐकलेली चाल तो पियानोवर जाऊन जशीच्या तशी वाजवू शके. त्याने चाल धरायची, बाकीच्यांनी त्याच्याकडून ती उचलायची.

आपल्या गावच्या भजनी मंडळात पेटीवाल्याचे जे काम तेच हे. बुवा पुढे बसतात, टाळकरी त्यांच्या तोंडाकडे बघून झेलतात, लोक बुवांना ओळखतात. पेटीवाला कडेला मान खाली घालून बसलेला. पण बुवांचा सूर सरकला की सावरतो तो, आणि नवी चाल आली की आधी त्याच्या बोटांत बसते आणि मग मंडळाच्या गळ्यात उतरते. हेक्टिक्समध्ये फारोख पेटीवाला होता. पुढे उभा राहून गाणारा ब्रूस होता. फारोख मागून साथीचा आवाज देई, एवढेच. पुढे ज्याने लंडनच्या वेम्ब्ले मैदानात बहात्तर हजार लोकांना हाताच्या इशाऱ्यावर खेळवले, तो पाचगणीत लाजाळू म्हणून ओळखला जाई.

कार्यक्रम होत ते शाळेच्या समारंभांत. श्रोते शाळेतलीच मुले, शिक्षक, आणि गावातल्या किमिन्स या मुलींच्या शाळेतल्या विद्यार्थिनी. मुलींसमोर वाजवायचे म्हटल्यावर मुलांनी केसांना किती तेल लावून कोंबडा काढला असेल, याची कल्पना स्नेहसंमेलनाच्या ऑर्केस्ट्रात भाग घेतलेल्या कोणालाही करता येईल.

हे सारे पोरखेळ होते असे म्हणून सोडून देता येईल. मला तसे वाटत नाही, आणि का ते सांगतो. त्याच सुमारास इंग्लंडात काय चालले होते? १९५६ च्या आसपास तिथे ‘स्किफल’ नावाचे वेड आले. कपडे घासायची पत्र्याची फळी, स्वस्तातली गिटार आणि चहाचे खोके, एवढ्यावर गल्लोगल्ली शाळकरी मुलांचे बँड निघाले. लिव्हरपूलमध्ये जॉन लेननने असाच एक बँड काढला, त्यातून पुढे बीटल्स झाले. पश्चिम लंडनच्या ॲक्टन भागातल्या शाळकरी मुलांचा ‘डिटूर्स’ नावाचा बँड होता, तो १९६४ साली ‘द हू’ झाला आणि ‘मॉड’ म्हणवणाऱ्या तरुणांचा लाडका ठरला. या साऱ्यांनी आरंभी केले ते हेच: अमेरिकेतल्या, विशेषतः काळ्या गायकांच्या, तबकड्या ऐकायच्या आणि त्यांची नक्कल करायची. चहाचे खोके लंडनमध्ये तेच आणि पाचगणीत तेच. किंबहुना चहा आपल्याकडचाच. नकलेची सुरुवात झाली तो काळही एकच. पाचगणीची मुले मागासलेली नव्हती. ती जगाच्या बरोबरीने चालत होती, फक्त जगाला ते माहीत नव्हते.

वाजवण्याच्या नादात अभ्यास मागे पडला. आधी चांगले गुण मिळवणारा फारोख दहावीच्या परीक्षेत नापास झाला आणि १९६३ च्या सुमारास झांझिबारला घरी परतला. बँड तिथेच संपला. पाच मुले पाच दिशांना गेली.

घरीही त्याला फार काळ राहता आले नाही. १० डिसेंबर १९६३ रोजी झांझिबार स्वतंत्र झाले आणि महिनाभरातच, १२ जानेवारी १९६४ रोजी, क्रांती झाली. सुलतान पळाला. पिढ्यान्पिढ्यांची चीड अरबांवर आणि त्यांच्याबरोबर हिंदी लोकांवर निघाली. हजारो माणसे मारली गेली. सरकारी नोकरीतल्या पारशाला तिथे जागा उरली नाही. बलसारा कुटुंब मिळेल ते सामान घेऊन त्याच वर्षी इंग्लंडला गेले. फारोख तेव्हा सतरा वर्षांचा होता. पुन्हा झांझिबारला राहायला जाणे कोणाच्याच नशिबी नव्हते. मुळशीत वाढलेल्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. ज्यांची गावे पाण्याखाली गेली त्यांच्या नातवंडा-पंतवंडांना आजही गाव विचारले तर आधी जुन्या गावाचे नाव सांगतात आणि मग राहण्याचे. फारोखला कोणी गाव विचारले, तर त्याने कोणते सांगायचे? बलसार त्याने आडनावापुरते पाहिलेले, झांझिबार सुटलेले, पाचगणी ही वसतिगृहाची खाट.

लंडनच्या विमानतळाजवळ फेल्थम नावाचे उपनगर आहे. तिथल्या एका लहानशा घरात हे कुटुंब राहू लागले. फारोखने सुट्ट्यांत विमानतळावर प्रवाशांच्या पेट्या वाहिल्या, गोदामात खोकी उचलली. आजूबाजूला लंडनचे तरुण दोन तटांत वाटलेले होते. एकीकडे चामडी जाकिटे घालून मोटारसायकली उडवणारे रॉकर, दुसरीकडे तंग सूट, आखूड केस आणि इटालियन स्कूटर मिरवणारे मॉड. मॉडांचे बँड म्हणजे द हू, स्मॉल फेसेस आणि त्यांचे भाईबंद. पाचगणीत रेडिओवर खरखरत ऐकलेले जे होते, ते आता पुढच्या गल्लीतल्या क्लबात प्रत्यक्ष वाजत होते. १९६६ साली फारोख ईलिंगच्या कला महाविद्यालयात दाखल झाला. द हूचा गिटारवादक पीट टाउनशेंड काही वर्षांपूर्वी याच महाविद्यालयाचा विद्यार्थी होता. (हाच टाउनशेंड पुढे मेहेरबाबांचा भक्त झाला. मेहेरबाबा पुण्यात जन्मलेले, डेक्कन कॉलेजात शिकलेले, आणि त्यांची समाधी नगरजवळच्या मेहेराबादला. इंग्लंडातल्या रॉक संगीताचा धागा ओढावा तर तो असा पुणे-नगरकडे निघतो.) फारोखचे दैवत मात्र जिमी हेंड्रिक्स हा अमेरिकन काळा गिटारवादक होता. त्याची चित्रे तो वहीमागून वही काढत असे. १९६९ साली आलेखकलेची पदविका घेऊन तो बाहेर पडला.

ईलिंगमध्ये टिम स्टाफेल नावाचा वर्गमित्र होता, तो ‘स्माइल’ नावाच्या बँडमध्ये गाई. गिटारवर ब्रायन मे, ड्रमवर रॉजर टेलर. फारोख या बँडच्या मागेमागे फिरू लागला, त्यांना न विचारता सल्ले देऊ लागला. मधल्या काळात त्याने लहानसहान दोन-तीन बँडमध्ये गाऊन पाहिले. ते टिकले नाहीत. पोटासाठी रॉजरबरोबर केन्सिंग्टनच्या बाजारात जुन्या कपड्यांचा गाळा चालवला. १९७० साली स्टाफेल स्माइल सोडून गेला आणि ती जागा फारोखला मिळाली. पियानोमागे बसलेला मुलगा पुढे येऊन उभा राहिला तो इथे, चोविसाव्या वर्षी. हेक्टिक्स निघून बारा वर्षे झाली होती.

बँडला ‘क्वीन’ हे नाव त्यानेच दिले. चौघांच्या राशींवरून बोधचिन्हही त्यानेच रेखाटले: दोन सिंह, एक खेकडा, स्वतःच्या कन्या राशीसाठी दोन पऱ्या आणि वर पंख पसरलेला अग्निपक्षी. चौथा गडी, जॉन डीकन, १९७१ साली आला. चौघेही शिकलेले. ब्रायन भौतिकशास्त्राचा विद्यार्थी, आणि त्याची गिटार त्याने वडिलांच्या मदतीने जुन्या शेगडीच्या चौकटीच्या लाकडातून घरीच घडवलेली. जॉन इलेक्ट्रॉनिक्सचा. रॉक वाजवणारी पोरे अभ्यासातून उठलेली असतात, असे मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

आणि याच वेळी फारोख बलसारा हे नाव गेले. फ्रेडी होतेच, आडनाव मर्क्युरी झाले. मर्क्युरी म्हणजे बुध, कन्या राशीचा स्वामी. यानंतर मुलाखतींत तो लहानपणाविषयी जवळजवळ बोलत नसे. पाचगणीचे नाव नाही, पारशी असल्याचा उल्लेख क्वचित. आपल्याकडे यावर दोन तऱ्हेचे बोलणे ऐकू येते. काही म्हणतात, मोठा झाल्यावर मूळ विसरला. काही, विशेषतः सिनेमा पाहून आलेले, तो आपलाच होता म्हणून छाती फुगवतात. मला दोन्ही पटत नाहीत. १९६८ साली इनॉक पॉवेल या खासदाराने हिंदी-पाकिस्तानी आणि वेस्ट इंडियन लोकांच्या येण्याविरुद्ध केलेल्या भाषणाने इंग्लंड ढवळून निघाले होते. सावळ्या माणसाला रस्त्यात मार बसत असे. त्या वर्षांत बलसारा नावाच्या माणसाला कोण्या तबकडी कंपनीने रॉक गायक म्हणून उभे केले असते, असे मानणे भाबडेपणाचे आहे. नाव बदलणे ही त्याची गरज होती. पण त्याने मनातूनही सारे पुसून टाकले असेही नव्हे. आईवडील फेल्थमच्या घरातच राहत आणि तो त्यांच्याकडे जेवायला जाई. आईच्या हातचे धनशाक हे त्याचे आवडते जेवण. तो घरी कोण होता आणि बाहेर कोण, यामध्ये त्याने एक दार ठेवले होते. आपल्यापैकी किती जण पुण्याच्या बसमध्ये चढताना बोली बदलतात, ते ज्याने त्याने आठवावे.

पुढचे सर्वांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. पहिली तबकडी १९७३ साली. १९७५ साली त्याने रचलेले ‘बोहेमियन रॅप्सडी’ हे गाणे सहा मिनिटांना जरासेच कमी. इतके लांब गाणे कोणी रेडिओवर लावणार नाही असे जाणकार म्हणत होते. ते इंग्लंडच्या यादीत सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. मध्येच त्यात संगीतिकेसारखा जो भाग आहे तो तिघांच्याच आवाजांवर आवाज चढवून केलेला. ऐकणाऱ्याला मोठा गायनवृंद गातो आहे असे वाटते. मला त्यात सेंट पीटर्सच्या गायनवृंदातला मुलगा दिसतो. हे माझे मत. कोणी मानावे असा आग्रह नाही. १३ जुलै १९८५ रोजी इथिओपियातल्या दुष्काळासाठी वेम्ब्लेला जो मोठा कार्यक्रम झाला त्यात क्वीनला वीसेक मिनिटे मिळाली होती, आणि तो आधी पियानोवरच जाऊन बसला. क्वीनने जपान, दक्षिण अमेरिका, दक्षिण आफ्रिका, हंगेरी इतक्या ठिकाणी कार्यक्रम केले. भारतात एकही झाला नाही.

त्याचे प्रेमसंबंध स्त्रियांशी होते तसे पुरुषांशीही होते. याविषयी आपल्या अंकांत लिहिण्याचा प्रघात नाही, पण चरित्र लिहायचे तर माणसाचे अर्धे लिहून चालत नाही. शिवाय आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१८ साली असे संबंध गुन्हा ठरत नाहीत असा निर्णय दिला आहे. १९८७ च्या सुमारास त्याला एड्स झाल्याचे निदान झाले. तेव्हा या रोगावर गुणकारी औषध नव्हते आणि रोग्याकडे पाहण्याची लोकांची नजर रोगाहून वाईट होती. त्याने हेही दाराआड ठेवले. शरीर झिजत असताना तो गात राहिला, उभे राहवत नसतानाही ध्वनिमुद्रण करत राहिला. १९८८ साली माँसेरात काबाये या स्पॅनिश गायिकेबरोबर त्याचा ‘बार्सिलोना’ हा गीतसंग्रह आला, तो आजारपणातलाच. २३ नोव्हेंबर १९९१ रोजी त्याने रोगाचे नाव जाहीर केले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने प्राण सोडला. वय पंचेचाळीस. त्यानंतरच्या वर्षी, १९९२ साली, आपल्या जिल्ह्यात भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. आज औषधे घेत या रोगाचे लोक वर्षानुवर्षे कामावर जातात. तो आणखी पाच वर्षे जगता तर त्याला ती मिळाली असती.

अंत्यसंस्कार पारशी दस्तुरांनी अवेस्तातल्या प्रार्थना म्हणून केले. जगभरच्या चाहत्यांना न समजणाऱ्या भाषेत, आईवडिलांच्या पद्धतीने, फारोख बलसारा म्हणून त्याला निरोप मिळाला. मग देहाचे दहन झाले.

२०१६ साली फेल्थमच्या त्या घरावर निळी पाटी लागली. २०१८ साली त्याच्यावर सिनेमा आला, जगभर चालला. त्यात पाचगणीचा एकही प्रसंग नाही. आपल्या महाविद्यालयाच्या सहली दर दोन-तीन वर्षांनी पाचगणीला जातात; टेबललँडवर घोडे, मॅप्रोत सरबत, महाबळेश्वरला संध्याकाळ असा ठरीव क्रम असतो. सेंट पीटर्स शाळा त्याच गावात आहे.

हेक्टिक्सच्या बाकीच्यांचेही सांगून टाकतो. विक्टरी राणा नेपाळच्या सैन्यात जनरल झाला आणि सायप्रसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा प्रमुख होता. डेरिक ब्रांच इंग्लंडमध्ये नट झाला, चित्रपटांत आणि दूरचित्रवाणीवर दिसला. खोक्यावर खर्ज धरणाऱ्या फरांग इराणीने पुण्यात सिझलरचे हॉटेल चालवले; कॅम्पात जेवायला जाणाऱ्या कित्येक पुणेकरांनी त्याच्या हातचे खाल्ले असेल. ब्रूस मरे इंग्लंडला गेला. १९५८ साली पाचगणीच्या सभागृहात ज्या मुलामुलींनी त्यांना ऐकले, त्यांच्या डोळ्यांसमोर त्या संध्याकाळी ब्रूसच असणार. पियानो रंगमंचाच्या कडेला होता, आणि वाजवणाऱ्याची त्यांना एक बाजू तेवढी दिसत होती.